चौघांचा दगड

मामंजींना ऐकू येत नाही हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, एक मामंजी सोडून. त्यांचं म्हणणं, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. सगळा जन्म दगडावर घण घालण्यात गेला, त्यात कान टिकतील कसे? पण ते त्यांना सांगणार कोण? सासूबाईंना फरकच पडत नव्हता, कारण त्यांचं बोलणं ऐकू न आल्याचं सोंग मामंजी लग्नापासूनच घेत आले होते. आमच्या ह्यांचं तर बापासमोर तोंडाला कुलूप. राहिले मी. सुनेनं सासऱ्याला बहिरा म्हणायचं म्हणजे उद्या आळीभर माझ्याच नावाचा डंका.

आमच्या आळीतली चार मुलं सरहद्दीवरच्या लढाईत गेली. कोपऱ्यावरच्या शिंपिणीचा एकुलता एक, बेकरीवाल्याचा थोरला, टपालवाल्याचा जावई, आणि आमच्या घरातले धाकटे भावोजी. दगडाची धूळ छातीत भरून खोकत मरण्यापेक्षा बरं म्हणून मामंजींनीच भावोजींना भरतीला पाठवलं होतं. भावोजींची पेटी घरी आली त्या दिवसापासून मामंजींनी ह्या गोष्टीचा एकदाही उच्चार केला नाही. फक्त जेवताना पहिला घास हातात धरून ते बराच वेळ बसून राहायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, जेवा आता.

चौघांच्या नावाचा दगड आळीच्या तोंडावर उभा करायचा ठरलं. बेकरीच्या शेडमध्ये बैठक झाली. पुढारपण औषधवाल्याकडे, कारण आळीत कुणाचंही काहीही असो, हा पुढे असतोच. त्याचं म्हणणं, शहरातून मशीनवर कापलेली काळी चकचकीत पाटी आणू, नावंही मशीनच कोरून देतं, एका दिवसात काम. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामंजींना ह्यातलं किती ऐकू आलं कुणास ठाऊक, पण ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "दगड मी देणार. नावं मी कोरणार."

औषधवाला त्यांच्या कानाशी गेला आणि लहान मुलाला विचारावं तसं ओरडला, आजोबा, झेपेल का तुम्हाला आता? पोरंटोरं हसली. आमचे हे खाली बघून चपलेचा अंगठा नीट करत बसले. मामंजी म्हणाले, माझ्या मुलाचं नाव मशीन कोरणार नाही. तेवढंच बोलून ते बसले. शेवटी असं ठरलं की हार घालायला फौजेचे साहेब येतील त्याच्या आठवडाभर आधी दगड तयार दिसला पाहिजे. नाही दिसला तर पाटी. औषधवाल्यानं जाता जाता आम्हाला ऐकू जाईल असं सांगितलं, मी आपली पाटी सांगून ठेवतो.

त्या वर्षी पाऊस रुसला तो रुसलाच. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. गावाबाहेरची जुनी खाण कायम पाण्यानं भरलेली असायची. त्या उन्हाळ्यात ती तळापर्यंत आटली. मामंजी म्हणाले, खाली निळसर थर आहे, माझ्या बापानं शेवटचा दगड तिथूनच काढला होता. दुष्काळाचा आम्हाला झालेला उपयोग तेवढाच.

आम्ही तिघं पहाटे डबा घेऊन खाली उतरायचो. सुकलेल्या चिखलाला भेगा पडलेल्या, वर ऊन, खाली दगड तापलेला, आणि वारा खाणीच्या काठावरूनच परत जायचा. दगडात ओळीनं भोकं पाडायची, त्यात पाचरी बसवायच्या आणि एकेका पाचरीवर घण घालत जायचं. ह्यांच्या अंगठ्यावर घण उतरला आणि नख काळंनिळं झालं. त्यावर फडकं गुंडाळून हे पुन्हा उभे राहिले. मामंजी खोकायचे, थुंकायचे, पाचर कुठे ठोकायची ते बोटानं दाखवायचे. पाचरींची ओळ हळूहळू आत गेली आणि एका दुपारी दगड सुटा झाला.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दगड सुटा झाला की घरातला वडीलधारा त्यावर सुतकीचा, म्हणजे आमच्या हातोडीचा, एकच ठोका मारतो. दगड आतून अखंड असला तर खणखणतो, आणि मग वडीलधारा म्हणतो, बोलला. आत चीर असली तर आवाज बद्द येतो, तो दगड टाकून द्यायचा. आणि एकदा वडीलधारा 'बोलला' म्हणाला की दुसऱ्या कुणी त्यावर ठोका मारून बघायचा नाही. बघितला तर त्याचा अर्थ म्हातारा खोटा.

मामंजींनी आमच्याकडे पाठ करून ठोका मारला. फुटक्या मडक्यावर मारावा तसा आवाज आला. मी ऐकला, ह्यांनी ऐकला. मामंजी सुतकी खाली धरून तसेच उभे राहिले, पाठ ताठ, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. बराच वेळ झाला. मग ते म्हणाले, "बोलला."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पहारेकडे बघितलं.

घरी आल्यावर मी ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. अहो, कान तुमचेही गेले का? हे म्हणाले, चीर कडेला असेल, घडताना निघून जाईल. मी म्हटलं, आणि मधे असली तर? तेव्हा हे चिडले. चिडले की हे हळू बोलतात.

"मग जा," हे म्हणाले. "त्यांच्या मुलाचा दगड आहे. त्यावर तू ठोका मार आणि त्यांना सांग तुम्ही चुकलात."

राग आला तो ह्यांचा की माझा, तेही कळेना.

दगड ट्रॉलीतून अंगणात आला. पोत्यांचा मांडव घालून त्याखाली घडाई सुरू झाली. मी आणि हे कडा घडवायचो, मामंजी दर्शनी बाजू. दिवसभर दगडावर टाकीचा आवाज, पापण्यांवर पांढरी धूळ, चहा प्यायलो तरी दाताखाली कचकच. दर्शनी बाजू गुळगुळीत झाल्यावर मामंजींनी नावं आखली आणि शिंपिणीच्या मुलाच्या नावापासून सुरुवात केली. आपल्या मुलाची जागा त्यांनी सगळ्यांत खाली सोडली. म्हणाले, घरचं माणूस शेवटी जेवतं.

शिंपीण रोज संध्याकाळी यायची. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लटकत असायची. मुलाच्या नावातली धूळ ती बोटानं काढायची, एकेक अक्षर, जसं काही पोराचं तोंड पुसते आहे. एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, आता ह्याला ऊन लागू दे नाहीतर पाऊस, कुठे जायचा नाही. मी हो म्हटलं आणि आत जाऊन उगाच भांडी आपटली. कारण तोवर मला कळलं होतं. तिच्या मुलाच्या नावाखाली टाकी पडली की आवाज मरायचा. चीर कडेला नव्हतीच. दोन पावसाळे झाले असते की दगड दुभंगला असता, तो तिच्या मुलाच्या नावावरच.

मामंजी टपालवाल्याच्या जावयाच्या नावावर आले तेव्हा मी ठरवलं, आता पुरे. रीत म्हणते ठोका मारायचा नाही. बरं, नाही मारत. पाणी ओतायला तर रीत आडवी येत नाही?

नळाचा दिवस होता. हंडा भरून आणला तो आत न नेता सरळ मांडवात नेला. पोतं बाजूला सारून दगड उन्हात घेतला आणि सगळा हंडा दर्शनी बाजूवर रिकामा केला. सासूबाई दारातून म्हणाल्या, वेड लागलं का गं, पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं, दगडावर आजच बघते. घरात प्यायला तांब्याभरसुद्धा उरलं नव्हतं. मी डोळे दगडावरून हलवले नाहीत. मामंजी टाकी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले, आणि मग मी जिकडे बघत होते तिकडे बघायला लागले.

त्या उन्हात दगड बघता बघता वाळला. वरच्या कोपऱ्यातली एक बारीक रेघ मात्र ओलीच राहिली. ती शिंपिणीच्या मुलाच्या नावातून तिरकी उतरली होती आणि खाली भावोजींसाठी सोडलेल्या जागेपर्यंत गेली होती. चीर पाणी पिते आणि धरून ठेवते. हे दगड फोडणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

मामंजींनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला, वरून खाली. मग मला विचारलं, "ठोका मारलास?"

"नाही मामंजी. पाणी ओतलं."

"प्यायचं?"

"हो."

ते उठले. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण त्यांनी पायात चपला घातल्या आणि ते शिंपिणीकडे गेले. मग बेकरीवाल्याकडे, मग टपालवाल्याकडे. तिन्ही दारांत उभं राहून त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, दगड फुटका आहे, चूक माझी आहे, तुमच्या मुलांची नावं फुटक्या दगडावर राहायची नाहीत. तिघांना बरोबर घेऊनच ते परत आले. मग घण उचलला आणि सगळ्यांसमोर घातला. दुसऱ्याच घावाला दगड त्या ओल्या रेघेवर सरळ उलला, जसा काही वाटच बघत होता. शिंपीण खाली बसली आणि मुलाच्या नावाचा अर्धा तुकडा तिनं मांडीवर घेतला.

अशी बातमी औषधवाल्याला कळायला कितीसा वेळ? दुष्काळात तेरावा महिना तसा तो लगेच हजर. तुकड्यांकडे बघून चुकचुकला. म्हणाला, झालं ते झालं, वयच झालंय, कुणाचा दोष नाही, पाटी उद्याच मागवतो. मामंजींना हे ऐकू आलं नसावं. शिंपिणीला आलं. तिनं मान वर केली.

"माझ्या पोराचं नाव ह्यांच्याच हातचं लागेल," ती म्हणाली. "चुकलं तर दारात येऊन सांगणारा माणूस आहे हा. मशीन सांगायला येतं का?"

औषधवाला म्हणाला, ताई, मुदत आहे ना, मुदतीनं चाललंय सगळं. शिंपीण म्हणाली, मग मुदत संपली की बोल.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही खाणीत होतो. ह्या वेळी सासूबाईही आल्या. कशाला येता म्हटलं तर म्हणाल्या, घरी पाणी आहे कुठे भांडी घासायला, तूच तर ओतलंस. त्या वरती काठावर बसून पाचरींना धार लावून खाली द्यायच्या. मामंजींनी थर बदलला, आणखी खाली गेले. तिथे उभं राहायला नीट जागा नव्हती. हे गुडघ्यावर बसून घण चालवायचे. हाताला फोड आले, फुटले, त्यावर पुन्हा आले. माझ्या खांद्यातून कळ निघायची ती थेट दातांपर्यंत. पण कुणी 'राहू दे' म्हणालं नाही. त्या दिवसांत आमच्या घरात तो शब्दच कुणाला सुचला नाही.

दगड सुटा झाला. मामंजींनी सुतकी उचलली आणि तशीच खाली धरली. आमच्याकडे वळून म्हणाले, मला ऐकू येत नाही.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. हे काहीतरी पुटपुटले, अहो तसं काही नाही, थोडंसं. मामंजी म्हणाले, गप, मला माहीत आहे, कधीपासूनच माहीत आहे.

"धाकटा मागे उभा राहायचा," ते म्हणाले. "मी ठोका मारला आणि दगड बोलला की पाठीवर हात ठेवायचा. नाही बोलला तर नाही ठेवायचा. तुम्हाला कुणाला कळू दिलं नाही त्यानं."

आम्ही भावोजींना कामचुकार म्हणायचो. ऐन ठोक्याच्या वेळी बापाच्या सावलीत जाऊन उभा राहतो म्हणून हे त्यांना किती चिडवायचे. भावोजी नुसते हसायचे.

"त्या दिवशी मी वाट बघितली," मामंजी म्हणाले. "हात आला नाही. म्हणजे दगड फुटका. एवढं मला कळायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, आता हात यायचाच नाही, दगड बोलू दे नाहीतर न बोलू दे. म्हणून मीच म्हटलं, बोलला."

काठावर सासूबाईंच्या हातातली कानस थांबली होती. मला रडू आलं आणि मी रडले, त्यात लपवायचं काय.

मामंजी दगडाकडे वळले आणि पाठ करून उभे राहिले. म्हणाले, मागे उभं राहा कुणीतरी. त्यांनी ठोका मारला. बद्द आवाज आला. आमच्यापैकी कुणी हललं नाही. मामंजी जरा वेळ थांबले आणि म्हणाले, टाका हा. एवढ्या दिवसांची मेहनत, पण ह्यांनी लगेच पहार उचलली आणि शेजारच्या भागात भोकं पाडायला घेतलं. तोंडातून शिवी गेली ती दगडाला.

मुदतीचे दिवस भराभर सरत होते. वरून कुणीतरी रोज येऊन बघून जायचं आणि आळीत जाऊन सांगायचं. एका सकाळी बेकरीवाला पीठ लागलेल्या हातांनीच खाली उतरला आणि घण मागून घेतला. टपालवाला वाटप उरकून दुपारी यायचा. दोघांना पाचरीवर घाव घालता येत नव्हता, पाचरीशेजारीच जास्त पडायचे, आणि मामंजी कपाळावर हात मारून घ्यायचे. तरी वजन उचलायला चार हात वाढले, हे खोटं नाही.

तो दगड सुटा झाला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मामंजी पाठ करून उभे राहिले. ठोका पडला आणि खाण खणखणली. काठावरची पाखरंसुद्धा उडाली. मी पुढे होणार, तेवढ्यात ह्यांनी पहार टाकली. काळ्या नखाचा, फोड फुटलेला तो हात ह्यांनी बापाच्या पाठीवर ठेवला. माझं लग्न झाल्यापासून हे आपल्या बापाला शिवताना मी बघितले नव्हते. मामंजींनी डोळे मिटले. "बोलला," ते म्हणाले, आणि ह्यांचा हात त्यांच्या पाठीवर तसाच राहिला.

मी तरीही पाणी ओतलंच. एकदा पोळल्यावर ताकही फुंकून पिणारी बाई मी. दगड आळीत आला तेव्हा शिंपीण आपल्या घरची कळशी घेऊन उभीच होती, मागे टपालवाल्याची मुलगी बादली घेऊन. आपापल्या तोंडचं पाणी त्यांनी दगडावर घातलं आणि दगड वाळेपर्यंत सगळी माणसं उन्हात उभी राहिली. दगड सगळीकडून सारखा वाळला. रेघ नावालाही नव्हती.

मग मामंजी टाकीला बसले ते उठलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. आम्ही कडा घेतल्या, ते नावांवर. शिंपिणीच्या मुलाचं नाव पुन्हा पहिलं. आपल्या मुलाच्या नावापाशी आल्यावर त्यांनी मला पोत्याचा आडोसा करायला सांगितला. मी आडोसा केला आणि तिथेच बसले, जा म्हणाले नाहीत म्हणून. शेवटच्या अक्षरावर त्यांनी फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाले, धुळीपासून वाचवायला मीच पाठवला होता गं त्याला. मी ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी पुसू दिलं.

मुदतीच्या दिवशी औषधवाला आला तेव्हा दगड चौथऱ्यावर उभा होता. त्यानं सगळीकडून फिरून बघितलं, नावं वाचली, आणि चांगला झालाय म्हणाला. खोटं कशाला बोलू, मनापासून म्हणाला. त्यानं मागवलेली पाटी तोवर येऊन पडली होती. ती पुढे त्याच्याच दुकानाचा ओटा झाली. गोळ्यांच्या बाटल्या ठेवायला बरी पडते.

साहेब लोक आले त्या दिवशी अख्खी आळी रस्त्यावर होती. भाषणं झाली, औषधवाल्याचं सगळ्यांत लांब. हार घातले गेले. मग मामंजी पुढे झाले. आमच्यात दगड दुसऱ्याच्या हवाली करताना घडवणारा त्यावर एक शेवटचा ठोका मारतो, तेवढं काम राहिलं होतं. त्यांनी खिशातून लहान सुतकी काढली. त्यांनी चौघांच्या नावांखाली, कडेला, हलकेच ठोका मारला. दगडाचा आवाज पार आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

मामंजी सुतकी खाली धरून उभे राहिले, पाठ ताठ, दगडाकडे तोंड. हे बेकरीवाल्याबरोबर मागे अडकले होते, गर्दीतून वाट मिळेना. मी निघाले, पण माझ्या आधी कुणीतरी पुढे गेलं. सासूबाई. आयुष्यात चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी उभी न राहिलेली बाई सगळ्या आळीदेखत चालत गेली आणि तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दोन खांद्यांच्या मधे, नेमका जिथे भावोजी ठेवत असतील तिथे.

मामंजींनी मागे वळून बघितलं नाही.

"बोलला," ते म्हणाले.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "मी ऐकला."

आणि एवढं मात्र मामंजींना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मान हलवली. मग सुतकी माझ्या हातात देऊन ते चौथऱ्यावरून खाली उतरले.